सोंड्या भुंग्याचे जीवनचक्र : आहार व पर्यावरण यांचा प्रभाव
(शहापूर-मुरबाड परिसराच्या विशेष संदर्भात)

सारांश

लाल सोंड्या भुंगा ही नारळ, खजूर, शिंदी इत्यादी ताडवर्गीय वृक्षांची जगभरातील सर्वांत घातक कीड मानली जाते. या किडीच्या अळीचा काळ, कात टाकण्याची संख्या, कोषाचे वजन, मादीची अंडी घालण्याची क्षमता व वर्षभरातील पिढ्यांची संख्या या बाबी स्थिर नाहीत. अळीला मिळणारे अन्न आणि सभोवतालचे तापमान, ओलावा व झाडाची अवस्था यांनुसार त्या बदलतात. प्रस्तुत लेखात या बदलांमागील कारणांचे विवेचन केले असून ठाणे जिल्ह्यातील शहापूर व मुरबाड तालुक्यांत या माहितीचा अर्थ काय होतो, याचा विचार केला आहे.

बीजशब्द : सोंड्या भुंगा, नारळ, शिंदी, कृत्रिम आहार, उंबरठा तापमान, अंश-दिवस, फेरोमोन सापळा.

प्रस्तावना

शहापूर व मुरबाड हे तालुके प्रामुख्याने भातशेतीचे आहेत. किनाऱ्यालगतच्या वसई, डहाणू या भागांप्रमाणे (१ ऑगस्ट २०१४ पासून हे तालुके पालघर जिल्ह्यात आहेत) येथे नारळाच्या सलग बागा नाहीत. किन्हवलीसारख्या गावांत नारळ आढळतो तो परसात, विहिरीच्या काठी किंवा सांडपाण्याच्या आळ्याशेजारी, चार-दोन झाडांच्या स्वरूपात. ओढ्याकाठी, माळावर व वनाच्या कडेला शिंदी वाढते. अलीकडच्या काळात शेतघरे व विश्रामगृहे यांच्या आवारात बाहेरून आणलेले शोभेचे ताडवर्गीय वृक्षही दिसू लागले आहेत.

या विखुरलेल्या झाडांची गणना नगदी पिकांत होत नाही. त्यामुळे त्यांच्यावरील किडींकडे कृषी यंत्रणेचे, अभ्यासकांचे व स्वतः मालकाचेही लक्ष उशिरा जाते. ज्या कुटुंबाकडे तीनच माड आहेत, त्याचा एक माड मेला तर त्याची एक तृतीयांश बाग नष्ट होते आणि नव्या रोपाला फळ येण्यास काही वर्षे जावी लागतात. सोंड्या भुंग्याच्या बाबतीत ही हानी अधिक कठोर ठरते. ताडवर्गीय वृक्षाला वाढीचा एकच शेंडा असतो. तो कुरतडला गेला की झाडाला पुन्हा फूट येत नाही.

या किडीविषयीची माहिती पाठ्यपुस्तकांत व पत्रकांत बहुधा ठरावीक आकड्यांच्या स्वरूपात दिली जाते : अंडी इतक्या दिवसांत फुटतात, अळी इतके दिवस जगते, इत्यादी. हे आकडे चुकीचे नसतात. परंतु ते कोणत्या अन्नावर व कोणत्या तापमानात मिळाले, हे सांगितले नाही तर त्यांचा उपयोग मर्यादित राहतो. म्हणून पुढील उद्दिष्टे समोर ठेवून हा लेख लिहिला आहे.

१) सोंड्या भुंग्याच्या जीवनचक्राचा परिचय करून देणे.
२) आहार व पर्यावरण यांचा त्याच्या वाढीवर व प्रजननावर होणारा परिणाम स्पष्ट करणे.
३) या ज्ञानाच्या आधारे स्थानिक परिस्थितीत करता येण्याजोग्या उपायांचा विचार करणे.

किडीची ओळख व प्रसार

या किडीचे शास्त्रीय नाव ऱ्हिंकोफोरस फेरुजिनिअस असे आहे. फ्रेंच कीटकशास्त्रज्ञ ऑलिव्हिए यांनी १७९० मध्ये तिचे वर्णन केले. भारतात नारळावरील कीड म्हणून लेफ्रॉय यांनी १९०६ मध्ये व खजुरावरील कीड म्हणून मदन मोहन लाल यांनी १९१७ मध्ये पंजाबातून तिची नोंद केली. दक्षिण व आग्नेय आशिया हे तिचे मूळ क्षेत्र होय. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून ती आखाती देशांत पोहोचली. १९९० च्या दशकात इजिप्त व स्पेन येथे आणि त्यानंतर भूमध्य समुद्राभोवतालच्या बहुतेक देशांत पसरली. हा प्रसार भुंग्याच्या उडण्यामुळे फारसा झालेला नाही. कीडग्रस्त रोपांच्या व मोठ्या वृक्षांच्या वाहतुकीमुळे तो झाला. या प्रश्नाचे गांभीर्य ओळखून संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने मार्च २०१७ मध्ये रोम येथे या एकाच किडीसंबंधी आंतरराष्ट्रीय बैठक बोलावली होती.

प्रौढ भुंगा तांबूस-तपकिरी रंगाचा, सुमारे ३५ मिलिमीटर लांब व १० मिलिमीटर रुंद असतो. डोक्यापुढे लांब, वाकलेली सोंड असते. मराठी नाव त्यावरूनच पडले आहे. नराच्या सोंडेवर बारीक केसांचा झुबका असतो, मादीची सोंड अधिक लांब, सडपातळ व केसविरहित असते. गेंड्या भुंगा ही याहून वेगळी कीड आहे. गेंड्याचा प्रौढ भुंगा कोवळ्या सुरळीत शिरून झावळ्या कातरतो व त्याची अळी शेणखतात वाढते; सोंड्याची अळी मात्र जिवंत झाडाच्या गाभ्यात वाढते व खरे नुकसान तीच करते.

जीवनचक्र

मादी सोंडेने मऊ भागात छिद्र पाडून किंवा आधीच्या जखमेत एकेक अंडे घालते. अंडे पिवळसर पांढरे, सुमारे अडीच मिलिमीटर लांब असते. एका मादीच्या अंड्यांची संख्या विविध अभ्यासांत ५८ पासून ५३१ पर्यंत नोंदली गेली आहे. दोन ते पाच दिवसांत अंड्यातून पाय नसलेली, मजबूत जबड्यांची अळी बाहेर पडते व पोखरत आत जाते. पूर्ण वाढलेली अळी सुमारे ५० मिलिमीटर लांब असते. ती झाडाच्याच तंतूंचा वेटोळा कोष विणून त्यात कोषावस्थेत जाते. बाहेर पडलेला भुंगा साधारणपणे दोन ते तीन महिने जगतो. पुष्कळदा तो त्याच झाडात राहून मीलन करतो व पुढची पिढीही तेथेच वाढते. त्यामुळे एकाच खोडात अंडी, लहान-मोठ्या अळ्या, कोष व प्रौढ एकाच वेळी सापडतात.

येथे एक महत्त्वाची गोष्ट लक्षात येते. अंडे, अळी व कोष या तिन्ही अवस्था झाडाच्या आत, दृष्टीआड पार पडतात. झाड हेच या किडीचे अन्न आहे व तेच तिचे घरही आहे. म्हणून आहार व पर्यावरण हे दोन घटक येथे पूर्णपणे वेगळे करता येत नाहीत; विवेचनाच्या सोयीसाठीच ते पुढे स्वतंत्रपणे मांडले आहेत.

आहाराचा प्रभाव

कोणत्याही किडीचा प्रयोगशाळेत अभ्यास करायचा तर ती वर्षभर व मोठ्या संख्येने उपलब्ध असावी लागते. सोंड्या भुंग्यासाठी दरवेळी माड तोडणे शक्य नव्हते. या अडचणीतून मार्ग काढण्याचे महत्त्वाचे काम मुंबईतील तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रात झाले. रहाळकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७२ मध्ये उसाच्या कांड्यांवर या भुंग्याची पूर्ण वाढ होऊ शकते, हे दाखविले. पुढे १९७८ मध्ये उसाची चिपाडे, खोबऱ्याची पेंड, यीस्ट, साखर, क्षार, जीवनसत्त्वे व अगार यांपासून त्यांनी कृत्रिम आहार तयार केला. किरणोत्साराने नर वंध्य करून ते निसर्गात सोडावेत व किडीची संख्या घटवावी, या पद्धतीची चाचपणी करणे हा या संशोधनामागील एक हेतू होता. आजही जगातील अनेक प्रयोगशाळांत हा भुंगा उसावर वाढविला जातो.

मात्र उसावरची अळी ही माडातल्या अळीची हुबेहूब प्रतिकृती नसते. विविध देशांतील अभ्यासांत ऊस, केळी, भोपळा, सफरचंद, खजुराचा गाभा व निरनिराळे कृत्रिम आहार वापरले गेले. अळीचा काळ कुठे महिन्याच्या आसपास, तर कुठे तीन महिन्यांहून अधिक आढळला. भारतातील नारळावरच्या नोंदींत तो साधारण ३६ ते ७८ दिवस दिला जातो. कात टाकण्याच्या संख्येतही अशीच तफावत आहे. उसावर वाढविलेल्या अळ्यांच्या सात अवस्था केरळमधील संशोधकांनी २००० मध्ये दाखविल्या. स्पेनमध्ये जिवंत कॅनरी खजुरात वाढलेल्या अळ्यांच्या तेरा अवस्था आढळल्या.

या तफावतीची कारणे अळीच्या पोषणात आहेत. पहिले कारण नत्राचे प्रमाण. उसात साखर मुबलक, परंतु प्रथिने अत्यल्प असतात. शरीर बांधण्यासाठी लागणारी प्रथिने मिळविण्याकरिता अळीला अधिक काळ व अधिक प्रमाणात खावे लागते. कृत्रिम आहारात यीस्ट व पेंड घालण्याचे प्रयोजन हेच आहे. ताडवर्गीय वृक्षाचा वाढता शेंडा मात्र कोवळ्या, सतत विभाजन पावणाऱ्या पेशींचा असतो व त्यात शर्करा, प्रथिने व पाणी ही तिन्ही एकत्र मिळतात. अळी शेंड्याकडे वळते व झाड मरते, यामागे हे पोषणमूल्यच आहे.

दुसरे कारण तंतूंचे प्रमाण व कठीणपणा. जुन्या खोडाचा बाह्य भाग कठीण असतो. नुकत्याच बाहेर पडलेल्या अळीला तो पोखरता येत नाही. नारळाची साधारण ५ ते २० वर्षे वयाची झाडे या किडीला अधिक बळी पडतात, याचे एक कारण त्यांच्या खोडाचा मऊपणा होय.

तिसरे कारण सूक्ष्मजीव. पोखरलेल्या बोगद्यात चावलेला चोथा आंबतो. या आंबण्यात व अळीच्या आतड्यात असणारे जिवाणू अन्नाच्या पचनास साहाय्य करतात. उकळून निर्जंतुक केलेल्या व परिरक्षक घातलेल्या कृत्रिम आहारात हे सहकारी कमी असतात. म्हणून रासायनिकदृष्ट्या समृद्ध आहारावरही वाढ अपेक्षेइतकी होईलच असे नाही.

आहाराचा परिणाम अळीपुरताच थांबत नाही. अळीने साठविलेल्या राखीव द्रव्यांवर कोषाचे वजन, कोषाच्या वजनावर प्रौढाचा आकार व मादीच्या आकारावर अंड्यांची संख्या बऱ्याच अंशी अवलंबून असते. वर उल्लेखिलेली ५८ ते ५३१ ही अंड्यांच्या संख्येतील तफावत या दृष्टीने पाहावी. निकृष्ट अन्नावर वाढलेली मादी जगते, परंतु तिची संतती घटते; सशक्त माडाच्या गाभ्यातून बाहेर पडलेली मादी शेजारच्या झाडांना अधिक धोकादायक असते.

तापमानाचा प्रभाव

कीटकाच्या शरीराचे तापमान सभोवतालाप्रमाणे बदलते व त्यानुसार वाढीचा वेग कमी-अधिक होतो. ज्या तापमानाखाली वाढ थांबते, त्यास उंबरठा तापमान म्हणतात. दिवसाचे सरासरी तापमान उंबरठ्याच्या जितके अंश वर असेल, तितके अंश-दिवस त्या दिवशी जमा झाले असे मानले जाते. स्पेनमधील अभ्यासांत सोंड्या भुंग्याच्या अंड्यासाठी सुमारे १३ अंश सेल्सिअस हा उंबरठा व सुमारे ४० अंश-दिवसांची गरज आढळली. अळीसाठी उंबरठा सुमारे १५ अंश व गरज सुमारे ६६६ अंश-दिवसांची आढळली.

हे आकडे कोकणच्या हवामानाला लावून पाहता येतात. सरासरी तापमान २७ अंश असता अंड्याला दररोज १४ अंश-दिवस मिळतात व ते सुमारे ३ दिवसांत फुटते. अळीला दररोज १२ अंश-दिवस मिळतात व तिची वाढ सुमारे ५५ दिवसांत पूर्ण होते. हा काळ नारळावरील भारतीय नोंदींच्या मर्यादेत बसतो. सरासरी २२ अंशांवर आली तर अळीला दररोज केवळ ७ अंश-दिवस मिळतात व हाच काळ सुमारे ९५ दिवसांपर्यंत लांबतो. म्हणजे सरासरीत ५ अंशांची घट झाली असता अळीचा काळ पावणेदोन पट होतो.

याच हिशेबाने भूमध्य प्रदेशात जेथे वार्षिक सरासरी तापमान १५ अंशांखाली आहे, तेथे वर्षाला एकही पिढी पूर्ण होत नाही व १९ अंशांवर असेल तेथे दोनहून अधिक होतात, असा निष्कर्ष संशोधकांनी काढला. कोकणात वर्षभर तापमान याहून बरेच अधिक असल्याने पिढ्यांची संख्या वाढते व त्या एकमेकींत मिसळतात. दुसऱ्या बाजूस, अतिउष्णतेतही वाढ मंदावते व अंडी फुटण्याचे प्रमाण घटते.

तथापि हवेचे तापमान व अळीला प्रत्यक्ष मिळणारे तापमान एक नसते. खोडाचा जाड, ओलसर गाभा बाहेरील चढउतार सौम्य करतो. शिवाय आंबणाऱ्या चोथ्यातून उष्णता निर्माण होते. शहापूर-मुरबाडचा भाग समुद्रापासून दूर व सह्याद्रीच्या पायथ्याशी असल्याने येथील हिवाळ्याच्या रात्री किनाऱ्यापेक्षा थंड व उन्हाळ्याच्या दुपारी अधिक तप्त असतात. परंतु खोडातील अळीला त्याची झळ कमी पोहोचते. थंडीने कीड आपोआप मरेल, ही अपेक्षा म्हणून व्यर्थ ठरते.

ओलावा, पाऊस व झाडावरील जखमा

अंडी व लहान अळ्या कोरडेपणा सहन करू शकत नाहीत. ताज्या जखमेतून पाझरणारा रस अंड्याला आवश्यक ओलावा देतो. सौदी अरेबियातील खजुराच्या बागांत ज्या झाडांना पाट भरून पाणी दिले जात होते व बुंध्याशी ओल राहत होती, तेथे प्रादुर्भाव अधिक आढळला. परसातील माडाला सांडपाण्याचे आळे सोयीचे असते. मात्र बुंधा सतत भिजत राहील अशी मातीची भर खोडाला लागू न देणे इष्ट.

पावसाचा परिणाम दुहेरी असतो. मुसळधार पावसात भुंग्यांच्या उडण्यास अडथळा येतो. भारतीय निरीक्षणांत जून-जुलैमध्ये त्यांचा वावर सर्वांत कमी व पाऊस ओसरल्यावर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये अधिक दिसतो. त्याच वेळी पावसाळ्यातील दमटपणामुळे शेंडा कुजण्यासारखे बुरशीजन्य रोग होतात व कुजलेला भाग भुंग्याला प्रवेशद्वार मिळवून देतो. याच काळात गेंड्या भुंग्याने पाडलेल्या छिद्रांचीही भर पडते. घराशेजारी उघडा शेणखताचा उकिरडा असला की त्यात गेंड्याची अळी वाढते, प्रौढ गेंड्या माडाच्या सुरळीला जखम करतो व त्या जखमेच्या वासावर सोंड्या येतो. एका किडीच्या अन्नातून दुसऱ्या किडीच्या अन्नाची सोय होते, असा हा क्रम आहे.

माणसाच्या हातूनही जखमा होतात. चढण्यासाठी खोडावर पाडलेल्या खाचा, हिरव्या झावळ्या बुडापासून तोडणे, शिंदीचा रस काढण्यासाठी शेंड्याखाली दिलेला छेद ही त्याची उदाहरणे होत. आंबलेल्या रसाचा वास भुंग्याला दुरून खेचतो; जुन्या काळी माडाच्या खोडाच्या तुकड्यांना ताडी लावून भुंगे पकडले जात, ते याच कारणाने.

अन्नाच्या वासाबरोबर आणखी एक संकेत काम करतो. योग्य झाड सापडलेला नर एक गंधद्रव्य सोडतो व त्यामुळे नर व मादी दोन्ही तेथे गोळा होतात. हॅलेट व सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये हे द्रव्य ओळखले; त्यास फेरुजिनिओल म्हणतात. केवळ या द्रव्यापेक्षा त्यासोबत आंबणारे अन्न ठेवल्यास सापळ्यात कितीतरी अधिक भुंगे येतात. गोव्यातील भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या संशोधन संकुलात फलेरो यांनी नारळबागांतील अशा सापळ्यांवर दीर्घकाळ काम केले असून २००५ मध्ये त्यावर तांत्रिक पुस्तिका प्रसिद्ध झाली. सापळ्यांत माद्यांचे प्रमाण सामान्यतः नरांहून अधिक असते, ही बाब नियंत्रणाच्या दृष्टीने मोलाची आहे.

वंध्य नरांच्या पद्धतीला मात्र शेतावर मर्यादित यश मिळाले. सुमारे १५ ग्रे इतक्या अल्प मात्रेने नर वंध्य होत असले, तरी निसर्गातील बरेचसे मीलन खोडाच्या आतच होते व बाहेर सोडलेला नर तेथवर पोहोचत नाही. प्रयोगशाळेत सिद्ध झालेली गोष्ट किडीच्या प्रत्यक्ष पर्यावरणात कशी अडते, याचे हे बोलके उदाहरण आहे.

शहापूर-मुरबाडच्या संदर्भात व्यवस्थापन

वरील विवेचनावरून काही व्यावहारिक सूत्रे निघतात.

पहिले, लक्षणांची वाट न पाहता तपासणी करावी. खोडावरील छिद्रातून तांबूस चिकट द्रव पाझरणे, चावलेल्या तंतूंचा भुसा बाहेर येणे, खोडाला कान लावला असता कुरतडल्याचा आवाज येणे ही आरंभीची चिन्हे होत. मधली सुरळी सुकली व शेंडा कलंडला, की झाड वाचण्याची शक्यता फारच थोडी उरते. अळीचा काळ सुमारे ५५ दिवसांचा धरल्यास दोन महिन्यांतून एकदा केलेली तपासणी अपुरी ठरते; निदान दर पंधरवड्यास, विशेषतः पाऊस ओसरल्यानंतर, ती होणे आवश्यक आहे.

दुसरे, जखमा टाळाव्यात. हिरवी झावळी तोडावीच लागली तर सुमारे १२० सेंटिमीटर देठ राखून तोडावी, म्हणजे देठात शिरलेली अळी खोडापर्यंत पोहोचत नाही. उकिरड्याची नियमित उलथापालथ करून गेंड्याच्या अळ्या वेचाव्यात.

तिसरे, मेलेले झाड उभे किंवा पडलेले तसेच ठेवू नये. त्यातून पुढील कित्येक आठवडे भुंगे बाहेर पडत राहतात. खोड फोडून आतील सर्व अवस्था नष्ट कराव्यात व मऊ भाग जाळावा किंवा खोल पुरावा.

चौथे, सापळे सामूहिकरीत्या वापरावेत. एकट्या परसात लावलेला व अन्न-पाणी न बदललेला सापळा भुंग्यांना त्या घराच्या माडांकडे बोलावतो, परंतु पकडत नाही. वाडी किंवा ग्रामपंचायत पातळीवर, तरुण माडांपासून दूर, नियमित देखरेखीखाली लावलेले सापळेच उपयुक्त ठरतात. कीटकनाशकांचा वापर त्या त्या वेळी मान्यता असलेल्या शिफारशींनुसार, दापोलीचे डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ व त्याचे रत्नागिरीजवळील भाट्ये येथील प्रादेशिक नारळ संशोधन केंद्र यांच्या मार्गदर्शनाने करावा.

पाचवे, बाहेरून येणाऱ्या मोठ्या शोभेच्या वृक्षांची तपासणी व्हावी. जगभरचा प्रसार याच मार्गाने झाला आहे.

ग्रामीण महाविद्यालयांना येथे अभ्यासाचे मोठे क्षेत्र उपलब्ध आहे. परिसरातील माड व शिंदी यांची गणना, सापळ्यांतील मासिक नोंदी, खोडाच्या आतील व बाहेरील तापमानाची तुलना, ऊस व माडाचा गाभा यांवर वाढविलेल्या अळ्यांच्या वजनातील फरक हे प्रकल्प अल्प खर्चात होऊ शकतात. अशा संवर्धनात भुंगे बाहेर निसटणार नाहीत, याची दक्षता मात्र घ्यावी लागेल.

निष्कर्ष

सोंड्या भुंग्याच्या जीवनचक्राचे आकडे ही त्या किडीची केवळ अंगभूत वैशिष्ट्ये नसून अन्न, तापमान, ओलावा व झाडाची अवस्था यांच्याशी चाललेल्या देवाणघेवाणीचे ते फलित होय. उसावर मिळालेला आकडा माडाला किंवा स्पेनमधील आकडा किन्हवलीला जसाच्या तसा लावता येत नाही. मात्र त्यामागील तत्त्व समजल्यास स्थानिक अंदाज बांधता येतो. प्रथिनयुक्त कोवळा शेंडा, वर्षभराची उष्णता, पावसाळ्यानंतरचा ओलावा व ताज्या जखमा या चार गोष्टी एकत्र आल्या की किडीची वाढ सर्वाधिक होते. यांपैकी उष्णता व पाऊस माणसाच्या हातात नाहीत. जखमा, उकिरडा, मेलेले खोड व रोपांची वाहतूक या बाबी मात्र त्याच्या हातात आहेत व परसातील तीन-चार माडांचे भवितव्य त्यांवरच अवलंबून आहे.